रॉबिनची जात तपासायला वसईत

कुत्र्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारी एक संस्था आपल्या देशात आहे, आणि साहेब गेला तरी ती गेलेली नाही, हे मला कळलं तेव्हा मी मामांच्या घरी शेंगा फोडत बसलो होतो. हातातली शेंग तशीच राहिली. माणसांच्या जातीचे दाखले फाडायला आम्ही निघालो आहोत, आणि इथे कुत्र्यांचे नवे तयार होताहेत!

माझे मामा जनावरांचे डॉक्टर. लष्कराच्या घोड्यांवर त्यांची नोकरी झाली. आता निवृत्त होऊन दादरला राहतात. या संस्थेचे ते परीक्षक आहेत. अमुक जातीचा म्हणून आणलेला कुत्रा खरोखर त्या जातीचा आहे की नाही, हे ते बघून सांगतात.

"मामा, मी यावर पत्रक काढणार," मी म्हणालो. "मथळासुद्धा ठरला. कुत्र्यांची जातपंचायत!"

"काढ की," मामा म्हणाले. "पण आधी एखादा कुत्रा तपासताना बघ. न बघता लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झालेत."

आमच्या घरात देव कमी आणि पत्रकं जास्त. वडिलांनी मला बाराखडी पत्रकांवरच शिकवली. तेव्हा असं आव्हान परत करणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी मामांबरोबर वसईला गेलो. आम्हा सातारकरांना वसई म्हटलं की किल्ला आणि लढाई एवढंच ठाऊक असतं. किल्ला मी पाहिलाच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माणिकपूर

बेसीन रोड, म्हणजे वसईच्या स्टेशनाजवळच माणिकपूर. तिथे कौलारू घराच्या पडवीत आमची वाट पाहत एक वयस्क बाई बसल्या होत्या. पांढरा झगा, पाठ ताठ. जन्मभर त्यांनी शाळेत शिकवलं. सगळं माणिकपूर त्यांना नुसतं 'मिस' म्हणतं, आणि त्यांना नाव विचारायचा धीर मला काही झाला नाही. त्यांच्या पायाशी काळी कुळकुळीत कुत्री पसरली होती. तिचे कान इतके लांब की पाणी प्यायला वाकली तर आधी कान भिजायचे. ही डेझी, कॉकर स्पॅनियल. झुडपातून पक्षी उठवायचा आणि शिकाऱ्याने पाडला की अलगद तोंडात धरून आणायचा, यासाठी साहेबांनी जोपासलेली ही जात. डेझीची आजी बोटीने आली होती, आणि डेझीचं नाव संस्थेच्या वहीत आईबापांसकट लिहिलेलं आहे.

आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो रॉबिन मात्र इथून काही मैलांवर, गासच्या एका वाडीत राहत होता. त्याचे मालक बस्त्यावकाका पूर्वी मुंबईत एका रेल्वेच्या साहेबाकडे खानसामा होते. साहेब घाईघाईने विलायतेला गेला. जाताना कुत्रा खानसाम्याच्या हातात देऊन गेला, पण कुत्र्याचे कागद कुठल्या ट्रंकेत गेले ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बस्त्यावकाका नोकरी संपवून गावी आले, रॉबिनला घेऊन. आता रॉबिनचं वय होत चाललं होतं, आणि त्याचं एक तरी पिल्लू दारात असावं ही काकांची इच्छा होती. आसपास त्या जातीची कुत्री एकच, डेझी.

"मला रॉबिन पसंत आहे," मिस म्हणाल्या. "वागायला सभ्य आहे. पण नोंद झाल्याशिवाय लग्न नाही. मी दाखल्याशिवाय एका मुलाला वर्गात घेतलं नाही."

माझी कानशिलं तापली. "दाखला नसलेली मुलं मग कुठे जात होती, मिस?"

"ती माझ्याकडे येत. मी त्यांच्या आईबापांना ओढून कचेरीत नेत असे, दाखला काढायला," त्या म्हणाल्या. "चहात साखर किती?"

टांग्यात

गासपर्यंतच्या टांग्यात मामांनी मला संस्थेची सगळी कुळकथा सांगितली. घोडा फार उत्साही नव्हता, त्यामुळे कथेला भरपूर वेळ मिळाला.

साहेब लोक इथे कुत्रे आणायचे, आणि इथल्या उन्हात, गोचिडीच्या तापात त्यातले बरेच मरायचे. जे जगले ते थोडे. थोड्यांतच जोड्या लावायच्या म्हणजे कोण कुणाच्या पोटचा हे लिहून ठेवणं भाग पडलं. नाहीतर नकळत भावाबहिणींच्या जोड्या लागतात, आणि पिल्लं बहिरी, आंधळी निघतात. तेव्हापासून या वह्या. पिल्लं झाली की ठरलेल्या मुदतीत कळवायचं, दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव द्यायचं, मालक बदलला तर तेही कळवायचं. मग प्रदर्शनं, पेले, संस्थानिकांची चढाओढ. महायुद्धात ते सगळं थांबलं. माणसांनाच रेशन, तिथे कुत्र्यांना मटण कुठलं? आणि मग साहेब निघाला.

"कितीएक साहेबांनी जाताना कुत्र्यांना गोळी घातली," मामा म्हणाले. "बरोबर नेता येईना, मागे ठेववेना. मलाच बोलवायचे. मी काहींना नाही म्हणालो. काहींना नाही म्हणता आलं नाही."

मग त्यांनी कथा पुढे नेली.

जे मागे राहिले त्यांतल्या अनेकांचे कागद हरवले होते. त्यांच्यासाठी संस्थेने एक दार उघडलं. कागद नसेल तरी चालेल, परीक्षकाने जाऊन कुत्रा बघायचा. पसंत पडला तर वेगळ्या पानावर नोंद, आणि त्याच्या नातवंडांची पिल्लं पुरी शुद्ध. पण लोक कुठलाही लांब कानांचा कुत्रा पुढे करू लागले. म्हणून येत्या शनिवारच्या बैठकीत ते दार बंद व्हायचं होतं. रॉबिनला ही शेवटची संधी.

"म्हणजे तीन पिढ्यांत बाहेरचा आतला होतो?" मी विचारलं. "मामा, आपल्यात तर तीन हजार वर्षांत झाला नाही!"

"हे पत्रकात घाल," मामा म्हणाले.

"आणि आपले धनगरी कुत्रे? त्यांना तुमच्या वहीत पान आहे का?" आमच्याकडे धनगर पिल्लू विकत नाही, देतो, आणि देताना त्याच्या आईची आई कुठल्या वाड्यावर होती ते सांगितल्याशिवाय देत नाही. एक अक्षर न लिहिता हे चालत आलंय.

"नाही," मामा म्हणाले. "हा प्रश्न मी बैठकीत विचारला होता. चहा आला आणि प्रश्न गेला."

गासची वाडी

केळीच्या बागेतून वाट गेली. पानवेलींची गार सावली, आणि कुठेतरी रहाट कुरकुरत होता. आमच्याकडे विहिरीवर मोट असते, बैल पुढे जातात आणि मागे येतात. इथे रेडा डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरतो आणि रहाटाची मडकी एकामागून एक ओतली जातात. मी रेड्याच्या बाजूने दोन वाक्यं मनात रचली होती, इतक्यात वाडी आली.

वाडीत सगळं गाव जमलं होतं. बायका लाल लुगड्यांत, पुरुष धुतलेल्या सदऱ्यांत. बस्त्यावकाका पुढे आले, उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे. "या डॉक्टरसाहेब! या बाबा! मारी, त्याला भायेर आन!"

त्यांची बायको मारीकाकी आतून रॉबिनला घेऊन आली. गळ्यात मोगऱ्याचा गजरा. अंगावर एक केस नाही.

खरंच, एक केस नाही. गुलाबी, तुकतुकीत, धुतलेल्या बटाट्यासारखा कुत्रा. कान तेवढे लांब, तेही भिजलेल्या पापडासारखे लोंबलेले. बोटभर शेपटीच्या टोकावर मात्र सोनेरी केसांचा एक झुबका राखला होता.

मामांच्या हातातली बॅग खाली गेली. "हे काय?"

"हजामत," काका अभिमानाने म्हणाले. "काल केली, वाजतगाजत."

मग कळलं ते असं. इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला मांडवात बसवून न्हावी त्याची दाढी करतो, बायका गाणी म्हणतात, आणि विहिरीवरून वाजत आणलेल्या पाण्याने त्याला न्हाऊ घालतात. मुंबईहून बघायला माणसं येणार, पसंत पडला तर लग्न ठरणार, म्हणजे हा नवराच झाला. नवरा दाढी वाढवून पाहुण्यांपुढे कसा आणायचा? आणि कुत्र्याची दाढी म्हणजे सगळं अंगच.

"ही शेंडी कुणी ठेवली?" मामांनी झुबक्याकडे बोट केलं.

मागून शेजारच्या निर्मळ गावचा गोविंदा न्हावी पुढे झाला. "मी. अगदीच मोकळं बरं दिसेना डॉक्टर."

मी हसू लागलो. मामा हसत नव्हते. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बस्त्याव, या जातीची अर्धी ओळख केसांत असते. कानाचे केस, छातीचे, पायांचे. ते बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. हे केस यायला दिवाळी उजाडेल. आणि शनिवारी दार बंद होतंय."

ढोलकी घेऊन बसलेल्या पोराने ती हळूच मांडीखाली सरकवली.

"मी म्हनत होते, कान तरी ऱ्हाऊ द्या," मारीकाकी म्हणाली.

"तू म्हनत होतीस? तू तर गानं म्हनत होतीस! सगळ्यात मोठ्यानं!"

"गानं सुरू झालं तर काय गप बसू?"

बस्त्यावकाका खाली बसले आणि रॉबिनच्या टकलावर हात ठेवून राहिले. रॉबिनला वाटलं, कौतुक चाललंय. त्याची शेंडी हलू लागली.

"आलोय तर बघतो," मामा उठले. "जे दिसेल ते लिहीन. जे दिसत नाही ते दिसलं म्हणून लिहिणार नाही."

"पन आधी जेवन," मारीकाकी म्हणाली. त्या घरात दुःखसुद्धा जेवल्याशिवाय पुढे सरकत नाही. तांदळाच्या मऊ रोट्या, बोंबलाचं कालवण आणि डुकराचं इंद्याल, आंबट-तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारं. डुकराचं मांस मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. पहिला घास तत्त्वासाठी घेतला. दुसऱ्यापासून तत्त्व आठवलं नाही. शेवटी सुकेळी दिली, उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडाने करतात, इथे पानात वाढून मोकळे होतात आणि तुमच्याकडे बघतात.

बावखल

जेवणानंतर तपासणी. बाकावर घोंगडी टाकून रॉबिनला उभं केलं. मामांनी दात बघितले, डोळ्यांच्या पापण्या उलटल्या, कवटीवरून अंगठा फिरवला, खांद्याचा कोन हाताने मोजला, बरगड्या चाचपल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. लष्करात घोडा बघताना ते असेच दिसत असतील.

"इकडे ये," त्यांनी मला बोलावलं. "प्रदर्शनात मी जे कुत्रे बघतो ना, त्यांच्या केसांखाली काय काय लपवलेलं असतं. वाकडी कोपरं, आखूड मान, सगळ्यावर कंगवा फिरवलेला. याला लपायला जागाच ठेवलेली नाही. बघ हा खांदा. असा खांदा मी फार दिवसांत बघितला नाही."

बागेच्या मागे बावखल होतं, म्हणजे बागायतीला पाणी देणारा गोड्या पाण्याचा खोल डोह. अशी बावखलं या भागात वाडीवाडीला आहेत. काठाला लव्हाळी. मामांनी रॉबिनला सोडलं. कुणी काही न सांगता तो नाक जमिनीला लावून लव्हाळ्यात शिरला, इकडून तिकडे नागमोडी, शेंडी झेंड्यासारखी फडफडत. एका जागी थबकला, उडी घेतली, आणि फडफडाट करत एक पाणकोंबडी वर उठली. ती उठल्याबरोबर तो खाली बसला आणि मामांकडे बघू लागला: आता तुमचं काम.

"साहेबाबरोबर जायचा शिकारीला," बस्त्यावकाका हळूच म्हणाले. "इतकी वर्सं झाली. कोन सांगत नाय त्याला. तरी करतो."

हे नीट बघायला मी पुढे झालो आणि शेवाळावरून सरळ बावखलात गेलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण माझी बाजू पार बुडाली. मी वर आलो, चप्पल गेली. लोक मला ओढून काढत असताना रॉबिन पाण्यात उतरला, पोहत गेला आणि तरंगणारी चप्पल तोंडात धरून मामांच्या पायाशी आणून ठेवली. माझी कुणीच विचारपूस केली नाही. मामा ती चप्पल उलटीपालटी करून बघत होते.

"एक दात उमटलेला नाही," ते म्हणाले. "अंडंसुद्धा आणेल हा."

संध्याकाळी ओट्यावर काकांनी आणखी एक कार्यक्रम केला. इथे लग्नाआधी तीन रविवार देवळात (चर्चला ते देऊळच म्हणतात) नवरानवरीची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर बोलावी म्हणून. काका उभे राहिले. "रॉबिनच्या कुळाबद्दल कोनाची हरकत हाय?"

"माझी!" एक म्हातारी मागून ओरडली. "माझी कोंबडी खाल्ली त्यानं, ईस्टरला!"

"ती त्यानं नाय खाल्ली, आये, ती तुझ्या जावयानं खाल्ली!"

सगळी वाडी हसली. काकाही हसले, पण मामांच्या कागदाकडे त्यांची नजर वारंवार जात होती.

निकाल

सकाळी मिस डेझीला घेऊन टांग्याने आल्या. रॉबिनला बघून त्यांनी छत्री मिटली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मग त्या हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डेझीला मात्र काही वावगं दिसलं नाही. ती त्याच्याभोवती फिरली, शेंडी हुंगली आणि शेजारी बसली.

मामांनी वाचून दाखवलं. डोकं, उत्तम. खांदा, छाती, पाय, उत्तम. चाल, उत्तम. स्वभाव आणि काम, याहून चांगलं पाहिलेलं नाही. केस: पाहता आले नाहीत. "त्यामुळे नोंद करा अशी शिफारस मला करता येत नाही," त्यांनी कागद खाली ठेवला. "बस्त्याव, मला वाईट वाटतं."

काकांनी मान हलवली. "तुमी खरं लिवलं. खोटं लिवलं असतं तर मी पन नसतं मानलं." आणि ते उठून रॉबिनचा पट्टा सोडवू लागले.

माझ्याने राहवेना. मी उभा राहिलो. "कुत्रा डोळ्यांपुढे उभा आहे! त्याला बघितलं, हात लावला, काम करताना पाहिलं, आणि आता वही सांगणार तो कोण आहे? जाळा ती वही! जे दिसतं त्यापेक्षा जे लिहिलंय ते मोठं मानलं, म्हणूनच या देशाची–"

"खाली बस," मिस म्हणाल्या.

मी बसलो. का बसलो, ते अजून कळत नाही.

"वही जाळून काय होईल? उद्या कुणी डेझीच्या भावालाच नवरा म्हणून आणून उभा करेल आणि मला कळणार नाही. वही पाहिजे." त्या मामांकडे वळल्या. "डॉक्टर, मला एक सांगा. तुमच्या घरी कुत्री असती, तर या कुत्र्याला दिली असती?"

मामा रॉबिनकडे बघत राहिले. "आनंदाने," ते म्हणाले. "पण मिस, तुम्हाला ठाऊक आहे ना? पिल्लांची पुरी नोंद होणार नाही. डेझीच्या आजीपासून चालत आलेली ओळ तुमच्या घरात इथे तुटेल. आणि डेझीला हे एकदाच झेपेल, तिचंही वय आहे."

"ठाऊक आहे." मिसनी डेझीच्या कानावरून हात फिरवला, बराच वेळ. "मी म्हटलं होतं, नोंद झाल्याशिवाय लग्न नाही. पण नोंद कशासाठी? जाणत्या माणसाने बघावं म्हणून. जाणत्या माणसाने बघितलं. बस्त्याव, गजरा कुठाय? कालचा नको, ताजा आण."

मारीकाकीने रडत रडत गाणं सुरू केलं. ढोलकी मांडीखालून बाहेर आली. गोविंदा न्हावी जवळ आला तसा बस्त्यावकाका ओरडले, "वस्तरा घेऊन जवळ येऊ नको! नवरी ऱ्हायलीय अजून!"

कळंब

निघायच्या आधी काकांनी मला कळंबचा समुद्र दाखवायला नेलं. वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. घाटावरच्या माणसाला एवढं पाणी बघून आधी थोडा राग येतो. आमच्याकडे घागरीसाठी भांडणं होतात. रॉबिन लाटांवर भुंकत होता. उन्हाने त्याचं गुलाबी अंग भाजू नये म्हणून मारीकाकीने त्याला खोबरेल चोपडलं होतं, त्यामुळे त्याला वाळू चिकटली आणि लांबून तो तळायला घेतलेल्या मासळीसारखा दिसत होता.

"बाबा, तुमी लिवता ना?" काका म्हणाले.

"लिहितो."

"मग ती वही जाळा असं नका लिवू. मिस बोलली ते बराबर हाय. त्यात आमचं नाव नाय, तर नाय. पन कुठंतरी लिवा, मुंबईचा डॉक्टर आला होता. बघून गेला. काय म्हनाला ते लिवा. मानसं म्हनतील बस्त्यावनं कुठलं पन जनावर उचलून आनलं. तसं नाय ना?"

"तसं नाही, काका."

"मग तेवढं लिवा."

शनिवारी बैठक झाली. दार उघडं ठेवावं म्हणून मामांनी हात वर केला. दुसरा हात वर झाला नाही. पत्रक मी छापलं नाही. एका बाजूला वही जाळणारा मी, दुसऱ्या बाजूला वही सांभाळणाऱ्या मिस, आणि आपली ओळ तोडून पिल्लं दिली ती मिसनी. हे त्या मथळ्याखाली बसेना. डेझीला पिल्लं झाल्याचं मामांनी परवा सांगितलं. एक बस्त्यावकाकांच्या दारात आहे, सोनेरी, आणि त्याच्याजवळ न्हाव्याला येऊ देत नाहीत.

वही त्यांची असेल, पण हा कागद माझा आहे. म्हणून इथे लिहितो:

रॉबिन. कॉकर स्पॅनियल, नर, रंग सोनेरी. राहणार गास, तालुका वसई. मालक बस्त्याव. समक्ष पाहिला. पसंत.